रक्त रुळायला वेळ लागतो

१ नोव्हेंबर, शनिवार

पोचले एकदाची. बसने कंबरेचा काटा ढिला केला आणि एका बॅगेची शिवण उसवली. पण कंपनीचं फाटक, त्यामागे एका ओळीत उभ्या पांढऱ्या इमारती, पलीकडे मोकळं पठार आणि वर धुतल्यासारखं आभाळ बघून जीव सुपाएवढा झाला. नवरा जहाजावरून परतला की त्याला हे सगळं वाचून दाखवायचं, म्हणून या वहीत आळस करायचा नाही असं ठरवलंय.

घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि खिडकीतून थेट कारखान्याची चिमणी. तिच्यातून धूर म्हणावा तर नाही, नुसती हवा थरथरताना दिसते. पण बघण्यासारखी आहे ती फरशी. जिन्यापासून न्हाणीघरापर्यंत इतकी लखलखीत, की चपला काढाव्यात की पायही काढून ठेवावेत असं वाटावं. घरभर मंद गोडसर वास होता. कडू बदाम खाल्ल्यावर जिभेवर राहतो तसा.

शेजारच्या काकू, म्हणजे फोरमनच्या पत्नी, चहा घेऊन आल्या आणि सोबत एक पत्र्याचा डबाही दिला. कारखान्यात जे द्रावक बनतं त्याचं शास्त्रीय नाव लिहायला अर्धी ओळ जाईल. कॉलनीत त्याला सगळे 'बदामी' म्हणतात. टाकीच्या तळाशी उरतं ते घरोघर फुकट मिळतं. फरशी पुसा, बूट चमकवा, कपड्यावरचे डाग काढा, दाराच्या बिजागऱ्यांना लावा, काकूंकडे त्याचे शंभर उपयोग होते. फुकट ते पौष्टिक, असं त्याच म्हणाल्या आणि त्याच हसल्या.

काकूंचे ओठ राखाडी आहेत. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी आपणहून सांगितलं की पठारावरच्या थंडीत सगळ्यांचेच असे होतात. मग माझ्या गालाला हात लावून त्यांनी विचारलं की मला ताप तर नाही ना. मी इतकी लालबुंद कशी, हे त्यांना कळेना. मी म्हटलं, दोन बॅगा घेऊन दोन जिने चढलेय.

आमची लेक ठकी सध्या माझ्या आईकडे आहे. घर लागलं की तिला आणायचं. चार वर्षांची झाली तरी स्टूल ओढून दाराची कडी काढायची आणि पसार व्हायचं ही खोड काही जात नाही. इथे वर एक जास्तीची कडी बसवून घ्यायला हवी.

३ नोव्हेंबर, सोमवार

कामाचा पहिला दिवस. प्रयोगशाळा कारखान्याच्या आवारातच, मोठ्या खिडक्यांची. प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. साठीच्या उंबरठ्यावर, पाठ ताठ, बोलणं मोजकं. त्यांचा साहाय्यक लंबू, जो प्रत्येक दारातून वाकून येतो आणि वाकल्यावाकल्या एखादा टोमणा मारून जातो. दोन तंत्रज्ञ बहिणी, ज्या जगाशी कमी आणि एकमेकींशी जास्त बोलतात. आणि दवाखान्याचे डॉक्टर.

काम काय ते नवऱ्यासाठी सोपं करून लिहिते. रक्तात एक लाल पदार्थ असतो, तो छातीतून प्राणवायू उचलून अंगभर पोचवतो. काही रसायनांनी तो बिघडतो. बिघडलेल्याला प्राणवायू उचलता येत नाही, आणि जो धडधाकट उरतो तो उचललेला सोडायला तयार होत नाही. रक्त तपकिरी पडतं, धाप लागते, डोकं चालेनासं होतं. माणूस छाती भरभरून श्वास घेतो आणि तरी गुदमरतो. यावर एक निळं इंजेक्शन आहे, वेळेवर दिलं तर माणूस वाचतो. बदामीमुळे हा बिघाड होतो का, हे बाई कित्येक वर्षं तपासताहेत. आतापर्यंतचा निकाल: नाही. शेवटचा अहवाल लिहायला मला आणलंय. तो गेला की बदामी छोट्या बाटल्यांतून घरोघरी फरशी पुसायला बाजारात येणार.

इथली एक पद्धत मला आवडली. बिघाड मोजणारं यंत्र बाईंनी स्वतः जुळवलंय. त्याला निरोगी रक्त दाखवून 'हे शून्य' असं शिकवावं लागतं. रक्त ताजं लागतं, बाहेरून मागवलं तर बसमध्येच रंग बदलतं. म्हणून दर सोमवारी हे पाचजण आपापलं थोडं रक्त काढतात, एकत्र करतात आणि त्यावर यंत्राचा काटा शून्यावर लावतात. मग आठवडाभर कामगारांचे आणि कॉलनीतल्या बायकामुलांचे नमुने त्याच्याशी ताडून बघायचे. घरच्या घरी सोय.

नवीन आले म्हणून माझाही नमुना घेतला. नळी उजेडात धरली तर सगळे गोळा झाले. धाकट्या बहिणीने मोठीला कोपराने ढोसलं. बाई म्हणाल्या, काय भडक आहे. लंबूने विचारलं, मी रंगाच्या दुकानात जन्मले का. आणि यंत्राने आकडा दाखवला उणे एकतीस.

आता बिघाड नाही म्हणजे शून्य. नाहीपेक्षा कमी कसं असेल? माझ्या मते नळी नीट धुतलेली नव्हती. मी माझा आकडा खोडला आणि शेजारी 'अग्राह्य' लिहिलं. बाईंना माझी ती शिस्त आवडलेली दिसली. लंबू मात्र म्हणाला की नव्या माणसाचं असंच येतं, रक्त रुळायला वेळ लागतो.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. फरशी बदामीने पुसली आणि स्वतःच्याच फरशीत स्वतःचा चेहरा बघितला. बूट चमकवले. निळ्या साडीवरचा शाईचा डाग, ज्याच्यापुढे तीन धोबी हरले होते, एका बोळ्यात गेला. वासही आता जाणवत नाही. नव्याची नवलाई सरली म्हणायची.

लंबूने येऊन दाराला वरची कडी बसवून दिली. मी मुद्दाम जाड बघून आणली होती. त्याच्या हिशेबाने उंची धरल्यामुळे मलाही टाचा उंच करून हात ताणावा लागतो. त्याने दार दोनदा खांद्याने ढकलून दाखवलं आणि म्हणाला की आता ठकीच काय, हत्ती आला तरी ही हलणार नाही. जाताना जिन्यात तो बराच वेळ कठडा धरून उभा होता. एवढा उंच माणूस, आणि जिना उतरायला धाप.

फोनवर ठकीने विचारलं की तिथे मांजर आहे का. आता आठवून बघतेय तर कॉलनीत मी एकही मांजर बघितलेलं नाही. चिमण्याही नाहीत. थोडं डोकं दुखतंय, उंचीवरच्या हवेचं असेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गेल्या सोमवारी माझा आकडा उणे वीस होता. आज उणे नऊ. यंत्राचं बिघडलेलं तंत्र हळूहळू जागेवर येतंय आणि त्याचं थोडं श्रेय नळ्या उकळून घ्यायचा आग्रह धरणाऱ्या अस्मादिकांना आहे, असं मी बाईंना सुचवलं. त्या हसल्या. क्वचित हसतात.

घर लागलंय. दादाला फोन केला, ठकीला घेऊन ये म्हटलं. आई कुरकुरली, अजून महिनाभर राहू दे म्हणाली. पण मला आता राहवत नाही. रात्री कुशीत तिचं तापलेलं डोकं नसलं की झोप लागत नाही, आणि हल्ली दिवसभर इतकं थकायला होतं की झोप हवीच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ठकी आली. बसच्या पायरीवरून तिने सरळ माझ्या अंगावर उडी मारली आणि मी तिला घेऊन खालीच बसले. दादा हसला, मग हसायचा थांबला. मी इतकी उतरलेली का दिसतेय असं विचारलं. मी कामाचं कारण सांगितलं.

दादाला बदामीचा वास सोसवेना. त्याचं नाक पहिल्यापासून नाजूक, आई त्याला चिडवून राजबिंडं नाक म्हणते. चहा घेऊन परतीच्या बसने निघायची घाई करू लागला. निघताना म्हणाला की तुमच्या इथली माणसं फार वेळा धुतलेल्या कपड्यासारखी दिसतात. मला राग आला. पाहुणा म्हणून यायचं आणि चार घटकांत गावाला नावं ठेवायची. तोही रागावला असेल, तरी लहानपणासारखं मला छोटी म्हणाला, डोक्यावर टपली मारली आणि गेला.

ठकी फरशीवर मोज्यांनी घसरगुंडी खेळतेय. गाल कसे लाल झालेत. काकूंनी येऊन तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शांतपणे लिहायला हवं.

कॉलनीतल्या मुलांचेही नमुने घेतात, म्हणून आज ठकीचा घेतला. ती रडली नाही, लंबूने तिला खांद्यावर बसवून छताला हात लावू दिला. नळी मी स्वतः उकळली होती. यंत्राने दाखवलं उणे एकतीस.

माझा पहिल्या दिवसाचा आकडा. तोच. त्यानंतर माझा: उणे वीस, उणे नऊ, आज उणे तीन.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगणच वाकडं होतं आणि मी त्यावर नाचत होते. यंत्र नीट आहे. त्या पाचजणांचं रक्त बिघडलेलं आहे, सगळ्यांचं सारखंच. ते इथे राहतात, याच फरशीवर चालतात, हेच बूट घालतात. ते आपल्या बिघाडाला दर सोमवारी शून्य म्हणतात, आणि मग कारखान्यात, कॉलनीत, घराघरांत शून्य सापडतं. दिव्याखाली अंधार म्हणावा तर इथे दिवाच अंधाराचा आहे.

आणि मी. आलेल्या दिवशी माझ्या अंगात या आवारातलं एकमेव खरं रक्त होतं. ते मी माझ्या हाताने खोडलं.

घरी येऊन बदामीचा डबा बंद करून गच्चीवर नेऊन ठेवला. फरशी तीनदा साबणाने धुतली. ठकीला वाटलं खेळ आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हातच्या काकणाला आरसा कशाला. पांढऱ्या टीपकागदावर बाईंचा एक थेंब, माझा एक, ठकीचा एक. हवा लागली तशी ठकीचा थेंब लालभडक फुलला. माझा विटेसारखा. बाईंचा थेंब चहाच्या डागासारखा तपकिरी, तसाच राहिला.

बाईंनी पुष्कळ वेळ बघितलं. मग त्यांनी कागद उलटा ठेवला. त्या म्हणाल्या की एका थेंबावर इतक्या वर्षांचं काम खोटं ठरत नाही. लहान मुलांचं रक्त वेगळं असू शकतं. मी सांगितलेलं खरं असेल तर ठकीचाही आकडा माझ्यासारखा दर सोमवारी वर चढायला हवा. चार सोमवार चढला, तर त्या स्वतः अहवालावर लिहितील की बदामी बाजारात आणू नका. नाही चढला तर मी माझा हट्ट सोडायचा.

बोलणं रास्त होतं. मीही त्यांच्या जागी हेच मागितलं असतं. त्या बाटल्या उद्या लाखो घरांत जातील, रांगणाऱ्या पोरांच्या हाताखालच्या फरशीवर जातील. ते थांबवायला मला एक सरळ चढती ओळ हवी आहे.

रात्रभर विचार केला. दादाला लगेच बोलवून ठकीला परत पाठवणं हे शहाणपण. पण घरात बदामी नाही, मी सांभाळेन, आकडा थोडासा चढला तरी बास. दवाखान्यात निळं इंजेक्शन आहेच. चारच सोमवार.

मी आई आहे, मला कळतं किती ताणायचं ते.

१ डिसेंबर, सोमवार

ठकी: उणे तीस.

म्हणजे चढलाच नाही. घर धुतलं, खिडक्या उघड्या ठेवल्या, तिला जिन्यातही कडेवरून नेलं, त्याचा उपयोग झाला. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाईट वाटलं. लिहून ठेवते, कारण हे मी कोणाला सांगणार नाही.

बाईंनी भुवई उंचावली.

मी कामावर असताना ठकीला काकूंकडे ठेवत होते, काकू तिला गॅलरीत बसवत. आजपासून कॉलनीच्या पाळणाघरात घातलं. तिथे तिच्या वयाची मुलं आहेत, ती एकटी कंटाळते. तिथली फरशी रोज पुसतात. कशाने, ते मला माहीत आहे.

८ डिसेंबर, सोमवार

उणे अठरा.

बाई गंभीर झाल्या. मला म्हणाल्या, बघू. मी जिंकतेय असं वाटलं आणि घरी येताना अर्ध्या जिन्यात बसावं लागलं.

पाळणाघरातली मुलं धावत नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं शिस्तीची आहेत. ती भिंतीला टेकून बसतात आणि ठकी घसरगुंडी खेळते ते बघतात. आज ठकीही त्यांच्यात बसली होती.

थंडी वाढली म्हणून साऱ्या इमारतींच्या खिडक्या बंद झाल्यात.

१५ डिसेंबर, सोमवार

उणे सहा.

ठकीचे ओठ — सकाळी दूध पिऊन झाल्यावर मी पुसले, पुन्हा पुसले. जात नाही तो रंग.

दवाखान्यात गेले. डॉक्टर भले आहेत. त्यांनी तिची छाती तपासली, नखं बघितली, आणि मला समजावलं की निळं इंजेक्शन हे खेळणं नाही, चुकीच्या माणसाला दिलं तर अपाय होतो. अधिक दहाच्या वर आकडा गेला तर द्यायचं असा नियम आहे. हिचा तर उणे सहा. म्हणजे आमच्या सगळ्यांहून बरी, असं म्हणून त्यांनी तिचा गालगुच्चा घेतला. त्यांची नखं पाटीच्या रंगाची आहेत.

दादाचा फोन आला होता. उद्याच येतो म्हणाला, माझा आवाज त्याला बरा वाटला नाही. मी म्हटलं पुढच्या मंगळवारी ये. एकच सोमवार राहिलाय.

त्याने दोनदा विचारलं, नक्की ना. मी नक्की म्हटलं.

१८ डिसेंबर

काहीतरी विसरतेय असं वाटत होतं आणि आज भाजी चिरताना आठवलं. सुरी तशीच हातात राहिली.

दादा.

बाहेरून आलेलं ताजं रक्त हवं होतं ना — दादा आला होता. इथे बसला, चहा प्याला. सामानाचा ट्रक घेऊन येणारा ड्रायव्हर येतो. पोस्टमन येतो. कोणाचाही एक थेंब. दर आठवड्याला नवा माणूस उभा करता आला असता, सगळे उणे एकतीस आले असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मला ठकी लागतच नव्हती.

हे सुचायला एवढे दिवस लागले. डोकं चालत नाही म्हणून, की मला ओळच हवी होती म्हणून? एकच माणूस, चढता आकडा, सरळ ओळ. ती सुंदर दिसते.

तिला उचलून बस गाठायला निघाले. पहिल्या मजल्यापर्यंत पोचले. तिथे भिंत धरून उभे राहिले आणि बस निघून गेल्याचा आवाज ऐकला. काकूंनी आम्हाला वर आणलं. त्याही धापा टाकत होत्या. तिघी जिन्यात बसत बसत आलो.

दादाला फोन लावला. कामावर होता, लागला नाही. परत लावला. झोप लागली मध्येच.

२१ डिसेंबर

दादा मंगळवारी येईल. येईलच.

ठकी दिवसभर झोपून. पाणी पिते. मांजर हवं म्हणते.

खिडकी उघडते, कोणीतरी बंद करतं. मीच करत असेन.

२२ डिसेंबर, सोमवार

नमुना घ्यायला लंबू घरी आला. मी नको म्हणत होते, की म्हणाले नाही — आठवत नाही. ठकीने हात आपणहून पुढे केला.

शून्य.

बाई स्वतः सांगायला आल्या. दोन जिने चढून, त्या वयात. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्या म्हणाल्या, मुलगी अगदी आपल्यासारखी आहे, काळजी करू नको. नव्या माणसाचा आकडा आधी खाली येतो आणि मग शून्यावर स्थिरावतो. तुझा स्थिरावला, हिचा स्थिरावला. म्हणजे यंत्र बरोबर. अहवालात हे घालू या.

मी ओळ मागितली. ओळ मिळाली. त्यांनी ती उलट वाचली.

मी म्हटलं निळं इंजेक्शन. त्या म्हणाल्या, शून्याला औषध कसलं?

शून्य कुठे सरकलंय या थंडीत, कोणाला माहीत. सगळे एकत्र सरकतोय. काटा तिथेच.

२३ डिसेंबर

दादा येणार. ठकी मांडीवर. श्वास मोठे मोठे घेते.

बस आली वाटतं.

जिन्यात पावलं. भराभर. इथे कोणी इतकं भराभर चढत नाही —

दारावर थाप. ठकीला उचलून दाराच्या भोकातून बघितलं. बाहेर उभं आहे ते — तोंड लाल. ओठ तर ओलं मांस असावं तसे. कान, डोळ्यांच्या कडा, बोटं, नखंसुद्धा लाल. ठकीलाही बघायचं होतं. बघून तिने तोंड माझ्या मानेत लपवलं. विचारलं, हा सोललेला माणूस कोण.

टाचा उंच करून वरची कडी घातली. कशी घातली माहीत नाही, सगळा श्वास त्यात गेला.

हाका मारतोय. दार वाजवतोय.

छोटी म्हणतोय.

छोटी मला एकच माणूस —

दादा आहे. दादा असाच दिसतो. आम्ही अशाच होतो. काकूंनी मला विचारलं होतं, ताप आहे का, इतकी लाल —

ठकीला फरशीवर ठेवलं. मामा आलाय म्हटलं. उठ म्हटलं. डोळे अर्धे उघडे आहेत, उठत नाही.

कडीला हात पुरत नाही. उभी राहिले की काळोख येतो. स्टूल आणायला रांगत गेले, ओढवत नाही. पुन्हा दाराशी येऊन बसलेय.

तो खांदा मारतोय दाराला. हलत नाही. मी जाड बघून —

ओरडले. आवाज निघत नाही. हे पान फाडून दाराखालून सरकवते.

दादा, दार फोडायला माणसं आण. ठकीला आधी. डॉक्टरांकडून निळं इंजेक्शन घे. ते म्हणतील आकडा शून्य आहे. ऐकू नकोस. पांढऱ्या कागदावर तुझ्या रक्ताचा थेंब ठेव, शेजारी तिचा ठेव, आणि त्यांना म्हणावं नीट बघा, माणसाचं रक्त